साफसफाईचा आळ

"ताई, पुस्तकं गेली आमची. सगळी. एक बी राहिलं नाही."

उत्कर्षाने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता, कारण दोन्ही हातांत कोणाच्या तरी लॅपटॉपची आतडी होती. आवाज साईचा आहे हे तिने लगेच ओळखलं. त्यातला राग ओळखायला मात्र वेळ लागला. साई पुण्याजवळच्या मांजरी गावचा, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, जन्मापासून आंधळा आणि जन्मापासूनच थट्टेखोर. तो चिडलेला तिने कधी ऐकला नव्हता.

"नीट सांग. कुठली पुस्तकं?"

"श्राव्य वाचनालयातली. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवलेली. आज सकाळी बघितलं तर फोल्डरच रिकामं हाय. आणि आळ घातलाय नम्रताताईवर. संध्याकाळी बैठक हाय, तिला काढणारेत. तिनं नाही केलं हे."

"तुला कसं ठाऊक?"

"मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

उत्कर्षाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर तिचं दुकान होतं. मेलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो, हिशेब आणि प्रबंध परत काढून देणं हा तिचा धंदा. दारावर पाटी होती: 'डेटा गेल्यावर येथे रडू नये. घरी रडून यावे.' तिच्या रागाची ख्याती पेठेत होतीच, पण निष्कारण चिडते असं तिचे शत्रूही म्हणत नसत.

ती जिना उतरली.

श्राव्य वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होतं. डोळस माणसं तिथे येत, गोधड्या टांगलेल्या आतल्या खोलीत माइकसमोर बसून पाठ्यपुस्तकं वाचत आणि आंधळी मुलं ती ऐकून परीक्षा देत. मुलं लागेल तेवढं पुस्तक फोनवर घेऊन जात, परीक्षा झाली की पुसून टाकत. सगळा साठा त्या एका कॉम्प्युटरवर. पण वाचायला कोणीही बसू शकत नसे. आधी उच्चारांची परीक्षा द्यावी लागे. तीत ण आणि न, ळ आणि ल यांचा जराही गोंधळ चालत नसे, आणि गावाकडचा हेल तर मुळीच नाही. नम्रता त्या परीक्षेत नापास झाली होती. म्हणून पुसदची ही मुलगी माइकची बटणं दाबायची, झालेलं रेकॉर्डिंग कापून जोडायची, खोली झाडायची आणि वाचणाऱ्यांना कोमट पाणी द्यायची.

बाहेरच्या बाकावर साई काठी मांडीवर घेऊन बसला होता. दारावर एक ताजा कागद चिकटवलेला होता. उत्कर्षाने तो वाचला आणि तिची कानशिलं तापली.

"काय लिहिलंय, ताई?" साईने विचारलं. "सकाळधरनं जो येतो तो उभा राहतो, च्यक् करतो आणि आत जातो."

"फालतूपणा लिहिलाय," ती म्हणाली. "आधी तू मला सांग. गेल्या आठवड्यात इथे काही झालं होतं?"

"झालं की. करार कायद्यात मी नापास झालो ना, तर मित्राकडनं छापील पुस्तक वाचून घेतलं. अर्धी प्रकरणं मी कधी ऐकलेलीच नव्हती. फसवणुकीचं प्रकरण तर मुळातच नाही. म्हणून तक्रार केली. आता हे वाचणाऱ्यानं गाळलं, का कापताना नम्रताताईकडनं उडालं, का कॉपी करताना अभिनवदादाकडनं, ते कळायचं कसं? मग शुक्रवारी बद्रीनाथकाकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सोमवारपासून एकेक रेकॉर्डिंग पुस्तकाशी ताडून बघायचं."

"सोमवार म्हणजे आज."

"आज. आणि आजच ताडायला काही उरलं नाही. मला डोळे नाहीत ताई, पण एवढं दिसतं."

आत बद्रीनाथराव येरझाऱ्या घालत होते. वाचनालयाचे कार्यवाह. बँकेतून निवृत्त झालेले, भले आणि भित्रे गृहस्थ. भला माणूस भित्रा असला की त्याच्या हातून जेवढं वाईट घडतं तेवढं दुष्टाच्या हातूनही घडत नाही, असं उत्कर्षाचं मत होतं.

"वाचला कागद," ती म्हणाली. "चौकशी संध्याकाळी आणि निकाल सकाळीच दाराला. कोर्टाने आपल्याकडून शिकावं."

"अहो, मजकूर दत्तप्रसादजींनी सांगितला. मी फक्त लिहिला."

खुर्चीत बसलेल्या दत्तप्रसादांनी मान किंचित झुकवली. इस्त्रीचा झब्बा, पांढरे केस, गालात कसली तरी काडी. आवाज मात्र खरोखर देखणा. वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यांच्या आवाजात होती आणि येत्या रविवारी सर्वाधिक पुस्तकं वाचल्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार होता. उच्चारांची परीक्षा घेणारेही तेच.

"या. ज्येष्ठमध घेणार? घशाला उत्तम."

"माझा घसा ठणठणीत आहे. झालं काय ते सांगा."

"व्हायचं काय! मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला माइकसमोर बसणारा माणूस. पण ह्या मुलीने शनिवारी दुपारी साफसफाई काढली आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या फाइलीच उडवल्या. मुळावरच घाव घातला म्हटल्यावर पुस्तकं राहतील कशी?"

"तुम्ही होतात तेव्हा इथे?"

"छे! शनिवारी मी फिरकलोही नाही. रविवारी बंदच असतं. आज सकाळी बद्रीनाथांचा फोन आला तेव्हा कळलं."

उत्कर्षा बद्रीनाथरावांकडे वळली. "आज सकाळपासून कॉम्प्युटरला कोणी हात लावलाय?"

"कोणीही नाही. फोल्डर रिकामं दिसलं तसा मीच प्लग काढला आणि खोलीला कुलूप घातलं. वेगळं, माझं कुलूप."

"एरवी किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे, दत्तप्रसादजींकडे, नम्रताकडे आणि कॉम्प्युटर बघतो तो अभिनव, त्याच्याकडे. पण आता त्याचा काय उपयोग? दत्तप्रसादजी म्हणतात ते मला पटतं. झालं ते झालं. तुम्ही मशीन पूर्ण पुसून नवंकोरं करून द्या. उद्यापासून नव्याने वाचायला घेऊ."

"पूर्ण पुसून?" उत्कर्षाचा आवाज चढला. "घरात चोरी झाली की आधी फरशी पुसून घेता का हो तुम्ही? मशीन मी घेऊन जातेय. बैठकीला घेऊन येते. तोवर त्या मुलीला कोणी एक शब्द बोलायचं नाही."

नम्रता मागच्या मोरीपाशी उभी होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"रडून झालं असेल तर बोलू," उत्कर्षा म्हणाली. रागात असली की तिची माया अशीच बाहेर पडे. "शनिवारी काय झालं?"

"रेकॉर्डिंग मधातच बंद पडून राहिलं होतं, मॅडम. जागा संपली म्हणे. लाल पट्टी दिसत होती. मी अभिनवदादांना फोन केला. ते म्हणाले, डिस्क क्लीनअप उघड, जेवढ्या चौकटी दिसतात तेवढ्यांवर खुणा कर आणि ओके दाब."

"त्यांनी सांगितलं? नक्की?"

"त्यांनीच जी. नाही तर मी कशाला हात लावते?"

"कोणकोणत्या चौकटी होत्या?"

"वाचल्या नाही मी. सगळी इंग्रजीत लंबी लंबी नावं. सगळ्यांवर कर म्हटलं तर सगळ्यांवर केलं."

"नंतर पुस्तकं होती?"

"होती तर! मी एक लावून पाहिलं, चांगलं चालू होतं. मग दत्तप्रसाद सरांना फोन केला की सोमवारी या वाचायला, जागा झाली."

"शब्द आठवतात? साफसफाईबद्दल नेमकं काय बोललीस?"

"कॉम्प्युटरची साफसफाई केली, एवढंच. मलाच ठाऊक नव्हतं काय काय साफ झालं, तर त्यांना काय सांगू?"

"पुस्तक लावून पाहिल्याचं बद्रीनाथरावांना सांगितलंस?"

"सांगितलं. पण ऐकतं कोण? ऐकण्याचंच वाचनालय आहे म्हणे."

उत्कर्षाला हसू आलं आणि ते येताच आणखी राग आला. "मग?"

"मग कप-वाट्या घासून पालथ्या घातल्या आणि कुलूप लावून खोलीवर गेली. आज सकाळी पाहते तर एक वाटी सुलटी, वरून कोणी काहीतरी चघळून थुंकलेलं. घासणार होती, तितक्यात बोंबाबोंब सुरू झाली."

वाटी अजून तशीच मोरीत होती. तळाला पिवळसर, दोऱ्यादोऱ्यांचा चोथा वाळून चिकटला होता. उत्कर्षाने तो बघितला, वाटी रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

"मॅडम," नम्रता मागून म्हणाली, "काम गेलं तर दुसरं पाहीन. धुणीभांडी करीन. पण आंधळ्या लेकरांची पुस्तकं मी मारली असं हे लोक गावभर सांगतील. ते घेऊन मी कुठं जाऊ?"

उत्कर्षाने बद्रीनाथरावांना खोलीचं कुलूप काढायला लावलं. ती कॉम्प्युटर उचलून चालू लागली.

दुकानात येऊन तिने पहिल्यांदा डिस्क बाहेर काढली आणि तिची हुबेहूब नक्कल करायला लावली. जे करायचं ते नकलेवर. मूळ डिस्क कपाटात गेली.

नक्कल तयार झाली तसं एक कोडं लगेच सुटलं. डिस्कचे दोन भाग केलेले होते. एकात विंडोज, दुसऱ्यात पुस्तकं. नम्रताने साफसफाई केली ती पहिल्या भागात. तिथला केर काढला म्हणून दुसऱ्या खोलीतलं कपाट रिकामं होत नाही. पुस्तकांचं फोल्डर कोणीतरी उघडून, आतलं सगळं निवडून, हाताने पुसलं होतं.

नम्रताने काय उडवलं तेही तिने पाहिलं. केरकचरा बराचसा गेला होता आणि त्याबरोबर विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या फाइलीही गेल्या होत्या. सगळ्या चौकटींवर खुणा केल्या की हे होतंच. या फाइली नसल्या तरी कॉम्प्युटर सुरू होतो, चालतो, कसली तक्रार करत नाही. रोजच्या वापरात त्यांची उणीव कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिने मशीन चालू केलं. सुरळीत चाललं.

तिने पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावला आणि अभिनवला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तो हेल्मेट हातात घेऊनच. हिंजवडीला नोकरी, शनिवार-रविवार डोंगर, आणि उरलेल्या वेळात समाजसेवा.

"ताई, सीरियसली, मला खूप वाईट वाटतंय. पण नम्रताने क्लीनअप करायच्या आधी विचारायला हवं होतं ना."

"कोणाला?"

"म्हणजे… कोणालाही."

"तुलाच विचारलं होतं तिने. सगळ्यांवर खुणा कर असं तू सांगितलंस."

अभिनवचा चेहरा उतरला. "मी तोरण्याच्या पायथ्याशी होतो. रेंज जात होती. घाईत बोललो."

"आणि आज सकाळपासून रेंज भरपूर आहे, तरी गप्प बसलास. तिची नोकरी जातेय हे ठाऊक असून. शाब्बास! बॅकअपची डिस्क कुठेय?"

तो खाली बघायला लागला.

"अभिनव, मी भिंतीशी बोलत नाहीये."

"माझ्याकडेच आहे. ट्रेकचे ड्रोन व्हिडिओ ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिच्यातलं पुसून… मला वाटलं, मूळ आहे की कॉम्प्युटरवर."

उत्कर्षाने हातातला चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली. "आंधळ्या पोरांच्या पुस्तकांवर तू ढगांचे व्हिडिओ ठेवलेस? लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"वाटतेय. आत्ता वाटतेय."

"मशीन तू शेवटचं कधी बघितलंस?"

"दोन आठवडे झाले. आज गेलो तर काकांचं कुलूप. क्लीनअपने नक्की काय गेलं तेही मला माहीत नाही. खरंच, ताई. सगळे मलाच विचारतात म्हणून सगळं मलाच माहीत असतं असं नाही. बद्रीनाथकाकांना पेन ड्राइव्ह काढायलासुद्धा मी लागतो, दत्तप्रसादकाकांना घरचा कॉम्प्युटर विकायचा होता तर तो पुसून नवा कसा करायचा ते मी शिकवलं, नम्रताला फाइली कापायला मी शिकवलं. फुकट करतो मी हे सगळं."

"फुकट करतोस म्हणून वाट्टेल ते करायचा परवाना मिळत नाही. संध्याकाळी बैठकीला ये. बॅकअपचं तोंडाने सांगायचं, सगळ्यांसमोर."

तो गेल्यावर उत्कर्षा पुन्हा स्क्रीनसमोर बसली. बद्रीनाथरावांचे शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हते. पूर्ण पुसून नवंकोरं. तिने दुसऱ्या एका डिस्कवर आणखी एक नक्कल उतरवून घेतली आणि त्या नकलेला तेच करायला सांगितलं: सगळं काढून टाक, दोन्ही भाग पूस, पहिल्यासारखा हो. वाचनालयाच्या मशीनला इंटरनेट नव्हतं, म्हणून तिनेही दिलं नाही.

क्षणभर चाक फिरलं. मग स्क्रीनवर एक ओळ आली. काही फाइली सापडत नाहीत. इन्स्टॉलेशनची डिस्क घाला. आणि खाली एकच बटण होतं, रद्द करा.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग खुर्चीवरून उठली, खिडकीपाशी गेली आणि पेठेतल्या सगळ्या सभ्य लोकांना ऐकू जाईल अशी एक शिवी हासडली. तिकडे प्रोग्रामने पहिलं पुस्तक शोधून काढलं होतं.

बैठक वाचनालयातच भरली. बद्रीनाथराव मधोमध, शेजारी दत्तप्रसाद, कोपऱ्यात अभिनव. नम्रता भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी बसही म्हटलं नव्हतं. साई आत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

उत्कर्षाने नवी डिस्क घातलेला कॉम्प्युटर आत माइकपाशी ठेवला आणि आपला लॅपटॉप टेबलावर. "सुरुवात कोणाच्या कबुलीने करायची? अभिनव."

अभिनव उठला आणि मान खाली घालून सगळं बोलला. चौकटी, बॅकअप, ड्रोन. बद्रीनाथरावांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे यानेच…" ते म्हणाले.

"नाही. हा गाढव आहे, चोर नाही. पुस्तकं साफसफाईने गेलेली नाहीत. ती वेगळ्या कप्प्यात होती, नम्रताचा झाडू तिथे पोचलाच नाही. साफसफाईनंतर तिने एक पुस्तक लावून पाहिलं होतं. ते तिने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाही. नंतर कोणीतरी इथे आलं, पुस्तकं हाताने पुसली आणि कुलूप लावून गेलं." ती दत्तप्रसादांकडे वळली. "काका, नम्रताने काय उडवलं म्हणालात तुम्ही सकाळी?"

"विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या फाइली. पुन्हा सांगतो, त्यातलं मला काही…"

"ओ की ठो कळत नाही. ठाऊक आहे. मग हे कोणी सांगितलं?"

"नम्रतानेच. शनिवारी फोनवर."

"नम्रता?"

"साफसफाई केली, एवढंच बोलली मी. त्या फाइलींचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकून राहिली."

"मग अभिनव म्हणाला असेल," दत्तप्रसाद म्हणाले. गालातली काडी फिरायची थांबली होती.

"मी कसा म्हणेन, काका? मी मशीन बघितलेलंच नाही."

"बद्रीनाथराव, तुम्ही?"

"मला त्यातला फरकच कळत नाही हो."

उत्कर्षा टेबलाला टेकून उभी राहिली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तिला ओळखणारे अशा वेळी चार पावलं मागे सरकत.

"त्या फाइली नसल्याचं एरवी कोणालाच समजत नाही. कॉम्प्युटर मजेत चालतो. समजतं ते एकदाच. सगळं मशीन पुसून नवंकोरं करायला गेलं की ते त्या फाइली मागतं आणि नसल्या तर तोंडावर सांगतं, इन्स्टॉलेशनची डिस्क घाला. म्हणजे हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे, त्याने मशीन पुसून बघितलेलं आहे. आज कोणी हात लावलेला नाही, आणि रविवारी मशीन चालूच झालं नव्हतं, त्याची नोंद त्यातच आहे. राहिला शनिवार. नम्रताचा फोन आला, साफसफाई झाल्याचं कळलं आणि तुम्हाला आयती संधी मिळाली. आळ घ्यायला माणूस तयार होता. तुम्ही संध्याकाळी आलात. आधी पुस्तकं पुसली. मग त्यांचा मागमूस राहू नये म्हणून मशीनच कोरं करायला घेतलं. ती विद्या अभिनवने तुम्हाला शिकवलेली होती, घरचा कॉम्प्युटर विकण्याच्या निमित्ताने. पण मशीन हटून बसलं."

"मी शनिवारी आलो नव्हतो, हे मी सांगितलंय."

उत्कर्षाने पिशवीतून वाटी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "नम्रताने घासून पालथी घातलेली. आज सकाळी अशी मिळाली. ज्येष्ठमध. घेणार?"

दत्तप्रसादांनी वाटी बोटाने दूर सरकवली.

"पण का?" बद्रीनाथराव पुटपुटले. "दत्तप्रसादजी, निम्मी पुस्तकं तर तुमचीच होती."

"म्हणूनच," उत्कर्षा म्हणाली. "आजपासून तपासणी होती. फक्त स्वतःची पुसली असती तर लहान मुलालाही कळलं असतं. म्हणून सगळ्यांची पुसली. आता गंमत ऐका. पुसलेली फाइल लगेच मरत नाही. दारावरची पाटी निघते, बिऱ्हाड आतच असतं. मशीन कोरं झालं असतं तर बिऱ्हाडही गेलं असतं आणि मी काय, ब्रह्मदेवालाही ते परत आणता आलं नसतं. ते झालं नाही, कारण त्या इन्स्टॉलेशनच्या फाइली नम्रताने चुकून उडवल्या होत्या. ज्या चुकीसाठी तुम्ही तिला हाकलायला निघालात, त्या चुकीने ह्या पोरांची पुस्तकं वाचवली. बरीचशी सापडली आहेत, उरलेली सापडतायत."

तिने बटण दाबलं. खोलीत तो देखणा आवाज भरून राहिला. करार कायदा. प्रकरण चौथे. दोन परिच्छेद संथपणे, एकेक अक्षर मोत्यासारखं. मग पानं उलटल्याचा आवाज, एक नाही, भराभर कितीतरी. आणि त्याच संथ सुरात, प्रकरण सातवे.

"हे कापलेलं नाही," उत्कर्षा म्हणाली. "कापलं असतं तर पानांचा आवाज राहिला नसता."

दत्तप्रसाद एकदम उसळले. "हो! गाळली! तुम्ही वाचून दाखवा ती रटाळ पानं, माझ्या वयात, तासन्‌तास! घसा बसतो माणसाचा. एक पैसा न घेता वाचलं मी. आणि यांना कुठे दिसतंय काय गाळलं ते?"

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर ते त्यांनाच ऐकू आलं असावं. ते खाली बसले.

"दिसत नाही, सर," साई म्हणाला. "म्हणूनच तुमच्यावर विसंबलो. फसवणुकीचं प्रकरण गाळलंत तुम्ही. मी नापास झालो तर म्हणालात, पोरगं झोपत असेल. वर्ष गेलं माझं. आई म्हणत होती, शिक्षण सोड, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ सांभाळ."

बद्रीनाथराव घसा खाकरून उठले. "नम्रता, अगं, झालं गेलं विसरून जा. गैरसमज होतात…"

"कागद अजून दाराला आहे," नम्रता म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला. "आळ सगळ्यांसमोर आणि माफी हळूच कानात? नाही चालणार जी."

बद्रीनाथराव लगबगीने दाराशी गेले आणि कागद ओरबाडून चुरगळू लागले.

"थांबा," साई म्हणाला. "काय लिहिलंय त्यात? सकाळधरनं विचारतोय. एवढे वाचणारे जमलेत इथं, पण मला कोणी वाचून दाखवलं नाही."

बद्रीनाथराव जागीच थबकले. त्यांनी अभिनवकडे पाहिलं, अभिनवने जमिनीकडे. उत्कर्षाने पुढे होऊन त्यांच्या हातातून कागद घेतला, टेबलावर नीट सपाट केला आणि दत्तप्रसादांसमोर सरकवला.

"वाचा, काका. मजकूर तुमचाच आहे."

"हे… याची काही गरज…"

"वाचा. वाचनालय आहे हे."

त्यांनी चष्मा लावला. आवाज अजूनही सुंदर होता, एवढंच की तो आता कुठेतरी फाटत होता.

"सूचना. आपल्या वाचनालयातील सर्व ध्वनिमुद्रित पुस्तके… कुमारी नम्रता वानखडे यांच्या… अक्षम्य निष्काळजीपणामुळे नष्ट झाली आहेत. अंध विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी असा खेळ करणाऱ्याला क्षमा करता येणार नाही."

ते थांबले आणि त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"अजून एक ओळ आहे," उत्कर्षा म्हणाली.

"गाळू नका, सर," साई म्हणाला.

दत्तप्रसादांनी घडी उलगडली. काडी केव्हाच गालातून पडून गेली होती.

"अशा व्यक्तीला येथे स्थान नाही."

त्यांनी कागद ठेवला, खिशातून वाचनालयाची किल्ली काढून त्यावर ठेवली आणि कोणाकडेही न बघता ते बाहेर पडले. त्यांना थांबवायला कोणी उठलं नाही.

साईने काठी भिंतीला टेकवली. "नम्रताताई, छापील पुस्तक माझ्या पिशवीत हाय. फसवणुकीपासून सुरू कर. परीक्षा जवळ आली."

"उच्चारांची परीक्षा…" बद्रीनाथरावांनी सवयीने तोंड उघडलं, उत्कर्षाकडे पाहिलं आणि मिटलं.

नम्रताने पदराला हात पुसले, पुस्तक घेतलं आणि माइकच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.